सातव्या पंख्याची जागा

नकाशावर अकरा लाल ठिपके होते आणि प्रत्येकाला नंबर होता. जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णीच्या पलीकडे एक लांबट माळ आहे, त्यावर अकरा पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. त्याआधी तिथल्या पक्ष्यांना त्यांच्यापासून किती धोका आहे, हे कुणीतरी पाहून लिहून द्यायचं होतं. पैसे पुरवणाऱ्या बँकेची तशी अट होती. पुण्यातल्या एका सल्लागार कचेरीनं ते काम घेतलं आणि माझ्याकडे सोपवलं. मुदत सहा दिवस. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. कागदावरच तसं छापलेलं होतं.

मी वीस वर्षं पक्ष्यांच्या पाहण्या करते. पवनचक्कीशी माझं भांडण नाही. माझ्या घरातला दिवाही कशावर तरी जळतोच. पण मी चिपळूणची, माझी बहुतेक नोकरी सह्याद्रीच्या झाडीत गेलेली. मराठवाड्याच्या उघड्या माळावर मी कधी मुक्काम केला नव्हता. जे गेले नाहीत त्यांना तो माळ कसा आहे हे सांगावं आणि तिथं काय घडलं तेही सांगावं, म्हणून हे लिहिते आहे.

टेंभुर्णी, पहिला दिवस

जालना स्टेशनवर मला घ्यायला पवनचक्की कंपनीचे जोगदंड साहेब आले होते. पन्नाशीचे, अंगानं जाड, बोलायला मऊ. आधी अंबडकडे एका साखर कारखान्यात होते, आता या प्रकल्पाची जागेवरची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. जीपमध्ये बसल्याबसल्या त्यांनी मला चार मोसंब्या दिल्या आणि विचारलं, "साळवी म्याडम, सहा दिवस बराबर पुरतील ना? तिकडं क्रेनची तारीख ठरू राह्यली."

"पक्ष्यांना विचारून सांगते," मी म्हटलं. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

टेंभुर्णी मोठं गाव आहे. बी-बियाण्यांची दुकानं, भांड्यांची दुकानं, मोटारसायकलींची गर्दी. गाव मागे टाकून तीन-चार किलोमीटर गेलं की रस्ता कच्चा होतो आणि काळी जमीन संपून तांबूस, खडीची जमीन लागते. अशा जमिनीला इथं बरड म्हणतात. माझा मुक्काम त्या बरडीच्या पायथ्याशी, उत्तमराव आणि कौसाबाई यांच्या घरी होता. दोघं साठीचे. मुलं पुण्याला नोकरीत. शेतातलंच घर, पुढं ओटा, बाजूला गोठा.

चहा झाला. कोकणात पाहुण्याला एकदा चहा दिला की पुढचं जेवणाच्या वेळी. इथं पहिला कप खाली ठेवेपर्यंत दुसरा येतो आणि नको म्हटलं तर यजमानाचा चेहरा पडतो. मी तीन कप प्यायले. मग उत्तमराव म्हणाले, "चला म्याडम, आमचा पंखा दाखवतो."

पवनचक्कीला तिथं सगळे पंखाच म्हणतात. पंखा अजून नव्हता, पण वर त्याची जागा होती: जमिनीत रोवलेला सिमेंटचा एक दगड, त्यावर लाल रंगात सात आकडा. भोवती कमरेइतकं वाळलेलं गवत, आठेक एकर तरी असेल.

दगडावर हात ठेवून उत्तमरावांनी सांगितलं, "वाटणी झाली तवा थोरल्या भावाला खालची काळी रानं गेली. मला ही बरड. अख्खं गाव हसलं. म्हणलं, उत्तमच्या वाट्याला दगडं आले. तीस वरसं गवतच कापू राह्यलो हितं. आता बघा, साऱ्या गावात पंखा कुठं येऊ राह्यला? माझ्या दगडावर."

ते बोलत होते आणि त्यांचा हात त्या दगडावरून हलत नव्हता. त्यांना पंख्याचं भाडं मिळणार होतं हे खरं, पण ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

दुसरा दिवस, माळावर

अशी पाहणी कशी करतात ते थोडक्यात सांगते. एका उंच जागी बसायचं आणि उठायचं नाही. समोरच्या ठरलेल्या टापूत मोठा पक्षी आला की तो कोणता, किती वेळ उडाला आणि किती उंचीवर उडाला हे लिहायचं. उंचीचे तीन पट्टे. पात्याच्या खालचा, पाती फिरतात तो मधला आणि त्यावरचा. मधला धोक्याचा. तो सुरू होतो साधारण नारळाच्या उंच झाडाच्या दुप्पट उंचीवर. ही मोजणी मी माझ्या मनाशी नारळांतच करते, आमच्याकडे दुसरं माप नाही. इथं कंपनीनं वारा मोजायला तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लोखंडी मनोरा उभा केला होता, त्याचा मला फार उपयोग झाला. पक्षी त्याच्या कितव्या पट्ट्याशी आहे ते पाहिलं की झालं.

पाहणीच्या या पहिल्या दिवशी माझं सगळंच चुकलं. बसायची जागा अशी निवडली की दुपारनंतर ऊन सरळ डोळ्यांत. टोपी वाऱ्यानं नेली, ती उतारावरून घरंगळत गेली आणि एका मेंढपाळाच्या कुत्र्यानं ती तोंडात धरून पळवली. ओरडून उपयोग नव्हता. वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

पण माळ मात्र मनात भरला. आमच्याकडे नजर दहा पावलांवर झाडाला अडते. इथं ती कुठंच अडत नाही, उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रेघ लागते तिथंच थांबते. खाली ज्वारीचे हिरवे तुकडे, हरभरा, मध्ये एखादी विहीर. चंडोल गात गात आभाळात चढायचे आणि दगड टाकल्यासारखे खाली यायचे. एक सापमार गरुड वाऱ्याकडे तोंड करून एकाच ठिकाणी लटकल्यासारखा बराच वेळ थांबला. दोन-तीन भोवत्या पक्षी गवताच्या शेंड्यांना जवळजवळ पोट लावत उडत गेले. भोवत्या हा सडपातळ, लांब शेपटीचा शिकारी पक्षी. नर राखी-पांढरा, मादी तपकिरी. थंडीत मध्य आशियातून आपल्याकडे येतो. दिवसभर तो जमिनीलगत उडतो, म्हणून पवनचक्कीच्या हिशेबात त्याला फारसं कुणी मोजत नाही.

चार वाजता जोगदंड साहेब थर्मास घेऊन आले. "काही दिसलं?"

"थोडंफार. सगळं खालच्या पट्ट्यात."

"मंग बरंच झालं की," ते म्हणाले आणि कागदी कपात चहा ओतला. पाचला जीप मला खाली घेऊन आली.

जेवणात येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ. त्याची आमटी अशी झणझणीत की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी मी तीनदा घेतली. जेवणानंतर मी ओट्यावर माझी पँट घेऊन बसले. त्या गवताची कुसळं शिवणीत, मोज्यांत, खिशातसुद्धा घुसली होती. सुईसारखी टोकदार, ओढली तर अजून आत जातात. कौसाबाई हसत माझ्याशेजारी बसल्या आणि पँटचा दुसरा पाय त्यांनी आपल्या मांडीवर ओढला.

"ओढायचं न्हाई ताई, पुढून ढकलायचं. हे बघा." एक एक कुसळ त्या सराईतपणे काढत होत्या. "सातच्या दगडाजवळ गेल्त्या जणू. तिथलीच कुसळं हायेत ही, लांबडी."

"तिथंच होते दिवसभर."

"दिवसा काय दिसणार तुमाला? त्या पांढऱ्या घारी दिवस मावळताना येतात."

मी हातातलं कुसळ खाली ठेवलं. "कोणत्या पांढऱ्या घारी, मावशी?"

"आता नाव मला काय ठावं. थंडीत येतात. गवतात खाली निजतात, कोंबड्यावानी. मी भारा आणायला उशिरा गेल्ते एक डाव, तर पायाखालून भुर्रकन उठल्या. किती! माझं तर काळीजच हाललं."

"दर वर्षी येतात?"

"लगीन होऊन आले तवापासून बघू राह्यले."

तिसरा दिवस

दिवसभर मी नेमून दिल्याप्रमाणे बसले, या वेळी ऊन पाठीशी घेऊन. पाच वाजता जीप आली तेव्हा ड्रायव्हरला सांगितलं, तू जा, मी पायी येईन. तो घुटमळला, मग गेला. थोड्या वेळानं कौसाबाई डोक्यावर पदर घट्ट बांधून वर आल्या. आम्ही दोघी गवतापासून बऱ्याच दूर एका बांधाच्या आडोशाला बसलो.

सूर्य क्षितिजाला टेकायला आला आणि भोवत्याचा पहिला नर आला. कौसाबाईंची पांढरी घार म्हणजे हाच. पूर्वेकडून, ज्वारीच्या शेंड्यांवरून, अगदी खालून. त्यानं गवतावर एक फेरी मारली. मग दोन माद्या आल्या. मग चारही बाजूंनी येऊ लागले, एकटे, दुकटे, कोणी घाईत, कोणी रमतगमत. मी पंधरापर्यंत बोटांवर मोजले, नंतर दर दहाला वहीत रेघ मारायला लागले.

आणि मग ते उतरण्याऐवजी वर चढले. हे मला अपेक्षित नव्हतं. गवतावर गोल घेत घेत एकेक पक्षी वर जाऊ लागला, एकमेकांच्या मागे, एकमेकांना हूल देत. मनोऱ्याचा तिसरा पट्टा, चौथा पट्टा, सहावा. दिवसभर जमिनीला चिकटून राहणारे हे पक्षी निजण्याआधी नेमके त्या उंचीवर फिरत होते, जिथं सातव्या पंख्याची पाती फिरणार होती. पंचवीस मिनिटं हे चाललं. मग एकेक करून पंख वर धरून ते गवतात उतरले आणि माळ पुन्हा रिकामा दिसू लागला.

मी वहीत मोजलं. त्रेसष्ट.

"किती भरल्या?" कौसाबाईंनी कुजबुजत विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली. "औंदा कमी हायेत."

आम्ही खाली उतरू लागलो. वाटेत कौसाबाई थांबल्या. "ताई, यानं आमच्या पंख्याला काही होईन का?"

मी खरं ते सांगितलं. "होऊ शकतं, मावशी."

 त्या पुढं चालू लागल्या.

चौथा दिवस

सकाळी भाकरीबरोबर उत्तमराव समोर बसले. बायकोनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"एखाद दिवस आले आसतील म्याडम. पाखरूच ते. आज हाय, उद्या न्हाई."

"म्हणूनच अजून पाहायचं आहे. आणखी तीन संध्याकाळी आणि दोन पहाटा."

"आन् आले तर?"

"आले तर तसं लिहायचं."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "तसंबी गवत कापायचंच हाय. उद्या-परवा बायका लावतो. गवतच न्हाई तर पाखरू कुठून येईन?"

ते उठून गोठ्याकडे गेले. मी तशीच बसून राहिले. त्यांच्या रानातलं गवत त्यांनी कापू नये असं सांगायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पण गप्प राहायचं नाही हेही मी ठरवलं. गोठ्यात गेले.

"काका, रान तुमचं, गवत तुमचं. तुम्ही जरूर कापा. पण मग मी वहीत असं लिहीन की काल इथं गवत होतं, त्यात त्रेसष्ट पक्षी होते, आणि पाहणी चालू असताना गवत कापलं गेलं. जे झालं ते सगळं लिहीन. कमी नाही, जास्त नाही."

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. म्हशीला वैरण टाकताना त्यांचे हात जोरात हलत होते. "माझ्याच घरात राहून मलाच सांगू राह्यल्या तुम्ही."

"हो. आणि अजून एक सांगते. आज संध्याकाळी वर चला. तुम्ही तीस वर्षं ते गवत कापलं, एकदा तरी पाहा त्यात काय निजतं ते."

ते आले नाहीत. त्याऐवजी दुपारी जोगदंड साहेब आले. ड्रायव्हरनं त्यांना कळवलं होतं.

"म्याडम, कागदावर पाचपर्यंतच हाय. पाचनंतरचं धरायचं काहून?"

"कारण पक्षी पाचनंतर येतात."

"पाखरू शहाणं आसतं. पंखा दिसला की बाजूनं जाईन."

"दिवसा जाईल, साहेब. पण तिन्हीसांजेला साठ पक्षी एकमेकांकडे बघत गोल फिरतात तेव्हा पात्याकडे कोण बघणार? आणि हे पक्षी उद्या दुसरीकडे निजतील असंही नाही. वर्षानुवर्षं तीच जागा धरतात."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. थंडीच होती. मग हळू आवाजात म्हणाले, "तीन टावर हायेत त्या टापूत. सहा, सात, आठ. तुम्ही लिहिलं तर माझं सारं गणित बिघडतं. वरचे मला बोलतील."

"मग तुम्हीही या एक संध्याकाळ. निदान वरच्यांना सांगताना ऐकीव सांगावं लागणार नाही."

त्याच दुपारी पुण्याच्या कचेरीतून फोन आला. सहा दिवसांत आटपा, जास्तीचे दिवस मंजूर नाहीत. मी म्हटलं, मंजूर करू नका, मी माझ्या खर्चानं थांबते.  पलीकडचे गृहस्थ "बघा बुवा" म्हणाले.

त्या संध्याकाळी मी एकटीच बसले. वाऱ्यानं दुर्बिणीची तिवई आडवी झाली आणि एक पाय वाकला. तो दगडांत रोवून, मांडीचा टेकू देऊन मोजलं. अठ्ठावन्न.

पाचवा दिवस

पहाटे धुकं होतं. ते विरळ झालं तसे पक्षी उठले, पण सकाळी त्यांचा तो खेळ नव्हता. जमिनीलगतच चारी दिशांना पांगले. म्हणजे धोका पहाटेचा नव्हता, संध्याकाळच्या त्या पंचवीस मिनिटांचा होता. हेही लिहायला हवं होतं. जे पक्ष्यांच्या बाजूचं नाही तेही.

दुपारी शेजारच्या रानात हुरड्याला बोलावणं होतं. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. माझे तळहात लाल झाले. कोकणातल्या माणसाला भाताचं कौतुक, पण असा उभ्या पिकातून थेट तोंडात जाणारा गोड दूध भरलेला दाणा आमच्याकडे नाही, हे मला मान्य करावं लागलं. उत्तमराव आगटीजवळच बसले होते. माझ्याशी बोलत नव्हते. पण कणसं चोळून माझ्यापुढे ठेवत होते. राग वेगळा आणि पाहुण्याचं पान वेगळं.

गवत कापायला बायका आल्या नव्हत्या. का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी बांधाआड जाऊन बसले तर मागून पावलं वाजली. उत्तमराव होते. त्यांच्या मागे धापा टाकत जोगदंड साहेब.  मी वाकडी तिवई सावरून उत्तमरावांना दुर्बिणीपाशी बसवलं.

पक्षी आले. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि ते आणखी वर गेले. उत्तमराव पहिल्यांदा दुर्बिणीत काहीच दिसत नाही म्हणून वैतागले. मग एकदम स्थिर झाले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कुठून येतात म्हणाल्या?"

"काही कझाकस्तानातून, काही त्याहून लांबून. हिमालय, वाळवंट ओलांडून."

"आन् उतरतात हितं? खाली एवढी काळी रानं पडली ना."

"काळ्या रानात गवत कुठं आहे?"

त्यांनी पुन्हा डोळा लावला. जोगदंड साहेब माझ्या वहीत डोकावून दर दहाला स्वतःशी पुटपुटत होते. शेवटचा पक्षी उतरल्यावर त्यांनी विचारलं, "सदुसष्ट ना?"

"माझे सहासष्ट."

"एक मादी मागून आल्ती, बांधावरून. तुम्ही लिहीत होत्या तवा."

मी खोडून सदुसष्ट केलं.

उतरताना उत्तमराव पुढं होते. घर दिसायला लागल्यावर वळून म्हणाले, "बघितलं. पण पंखा मला पाहिजेच हाय म्याडम. खोटं काहून बोलू?"

"बोलू नका," मी म्हटलं.

सातवा दिवस

आणखी एक संध्याकाळ आणि एक पहाट झाली. निष्कर्ष मनात पक्का होता. बॅग भरली, आणि मग ती ओट्यावर ठेवून मी आत गेले. उत्तमराव चुलीपाशी बसून चहा पीत होते. कागदावर लिहायच्या आधी त्यांना तोंडावर सांगायचं, एवढं मी दोन दिवस मनाशी घोकत होते.

"काका, सातवा पंखा इथं नको असं मी लिहिणार आहे. सहावा आणि आठवा दूर सरकवा असंही. बाकीच्या आठांना माझी हरकत नाही."

कौसाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"आमच्या घरचं खाऊन?" उत्तमराव म्हणाले.

"हो. म्हणूनच दुसऱ्याकडून कळायच्या आधी मी सांगते."

 मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी कप खाली ठेवला, टोपी घातली आणि मागच्या दारानं निघून गेले. मी निघाले तेव्हाही परतले नव्हते. कौसाबाईंनी फडक्यात बांधून धपाटे दिले. "रस्त्यात खा," एवढंच म्हणाल्या. जीपमध्ये ते धपाटे मांडीवर गरम लागत होते आणि मी ते जालन्यापर्यंत सोडले नाहीत. 

पुणे

अहवाल दिला. आठवड्याभरात कचेरीनं तो दुरुस्त करून परत पाठवला. 'महत्त्वाचा रात्रमुक्काम' या शब्दांच्या जागी 'अधूनमधून वावर' आलं होतं आणि संध्याकाळच्या नोंदी 'ठरलेल्या वेळेबाहेरच्या' म्हणून परिशिष्टात गेल्या होत्या. मी त्यावर सही केली नाही. माझ्या मूळ कागदावर केली आणि तोच पाठवला. तीनदा असं झालं. चौथ्यांदा त्यांनी बैठक बोलावली.

लांब टेबल होतं. एका टोकाला बँकेच्या बाई, दुसऱ्या टोकाला कंपनीचे वरिष्ठ, मध्ये आम्ही. जोगदंड साहेबही होते, नवा शर्ट घालून, भिंतीकडच्या खुर्चीत. वरिष्ठ सभ्यपणे म्हणाले की एकट्या व्यक्तीनं, वेळेबाहेर, अंधूक उजेडात मोजलेल्या आकड्यांवर तीन पवनचक्क्या हलवणं कितपत योग्य आहे. मी माझं म्हणणं मांडलं. माझ्या आवाजात राग होता, तो लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

मग वरिष्ठ मागे वळले. "जोगदंड, तुम्ही तर रोज जागेवर असता. तुम्हाला कधी दिसले का एवढे पक्षी?"

जोगदंड साहेब उभे राहिले. बसूनही बोलता आलं असतं. त्यांनी आधी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे नाही, थेट बँकेच्या बाईंकडे.

"दिसले, साहेब. मी सोता मोजले. सदुसष्ट होते. म्याडमचा एक हुकला होता, तो मी सांगितला."

 ते खाली बसले आणि रुमालानं मान पुसू लागले. बैठक नंतर बराच वेळ चालली, पण ती तिथंच संपली होती.

सातवा नंबर रद्द झाला. सहावा आणि आठवा पूर्वेच्या कडेला सरकले. आठव्याची नवी जागा उत्तमरावांच्या थोरल्या भावाच्या बांधात गेली, हे मला नकाशावरून कळलं. कंपनीनं जमीन कुणाची ते बघून नाही, अंतर बघून ठिपका हलवला होता. मला त्यावर काही म्हणता येत नव्हतं आणि काही दिवस मी नीट झोपले नाही. त्या कचेरीचं काम मला पुन्हा मिळालं नाही, पण जोगदंड साहेबांची नोकरी राहिली. ते मी मुद्दाम विचारून घेतलं.

टेंभुर्णीला फोन करायचं धाडस मला दहा महिने झालं नाही. यंदा मार्गशीर्षात केला. उत्तमरावांनी उचलला. मी नाव सांगितलं. पलीकडे फक्त म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"काका, आठवा तिकडे जाईल हे मला माहीत नव्हतं."

"ठावं हाय मला. जोगदंडनं सांगितलं." मग थोडं थांबून, "तुम्ही बरं केलं का वाईट, ते मला न्हाई समजत. पण सांगून गेल्त्या, लपून न्हाई. घ्या, हिच्याशी बोला."

फोन कौसाबाईंकडे गेला. त्यांनी पंख्याचं नाव काढलं नाही. माझी तब्येत विचारली, पाऊस कसा झाला ते सांगितलं आणि मग कामाचं विचारलं.

"ताई, ते गवत कवापस्तोर ठेवायचं? त्या घारी चालू हायेत यायला. पण म्हशीला वैरणबी पाहिजे."

"चैत्र लागेपर्यंत ठेवता आलं तर बरं. तेव्हा ते परत जातात."

"मंग चैत्रापस्तोर ठेवते."

मागून उत्तमरावांचा चढा आवाज आला, "तिला सांग, निम्मं कापणार हाय मी! रस्त्याकडचं. सारं न्हाई ठेवत."

कौसाबाई फोनवर हात न ठेवताच म्हणाल्या, "ऐकलं का? निम्मं म्हणू राह्यले."

"ऐकलं," मी म्हटलं. "त्यांना सांगा, दगडाकडचं निम्मं ठेवा. तेवढं पुरेल."